भिंतीतला आवाज आणि उडालेली झोप

वागळे इस्टेटला आवाज नवा नाही. ऑगस्ट १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याचा छोटेखानी सोहळा याच वसाहतीत झाला आणि पुढची काही दशके इथल्या रस्त्यांना नंबरांबरोबर आवाजही चिकटले. पॉवर प्रेसची धडधड, लेथवर धातू कातताना उठणारी किंकाळी, कॉम्प्रेसरची घरघर, पाळी सुटल्याचा भोंगा. त्यातले बरेच कारखाने आता नाहीत. त्यांच्या जागी काचेची कार्यालये आली आणि किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगरच्या बाजूला माणसे दाटीवाटीने राहू लागली. दिवसा २२ नंबर सर्कलला रिक्षांचे हॉर्न आहेतच. पण झोप मोडल्याची तक्रार घेऊन जे डॉक्टरकडे येतात, त्यांतल्या काहींचा चोर रस्त्यावर नसतो. तो घराच्या भिंतीत असतो.

रात्री अडीचला भिंतीत ‘धप्प’ असे काहीतरी आपटते. पहाटे साडेचारला पंप सुरू होतो आणि पलंगाच्या लाकडात घुमल्यासारखे वाटू लागते. सहाला शेजारच्यांचा गीझर सूं सूं करतो. घरातले बाकीचे घोरत असतात, एकाच माणसाचे डोळे छताला लागलेले असतात. त्याने तक्रार केली की घरचे म्हणतात, ‘तुला भलतेच आवाज येतात.’ मग तो गोळी मागायला येतो. झोपेची गोळी लिहून द्यायला अर्धा मिनिट लागतो, आवाज कसला आहे हे विचारायला दहा मिनिटे. गर्दीच्या ओपीडीत बहुतेक वेळा अर्धा मिनिट जिंकतो आणि आवाज तिथेच राहतो.

झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. हा काही बिघाड नव्हे, जंगलात राहणाऱ्या प्राण्याला मिळालेली ती राखण आहे. झोपलेल्या माणसाच्या कानावर ठोका पडला की तो पूर्ण जागा झाला नाही तरी त्याचा मेंदू क्षणभर वरच्या पातळीवर येतो, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. आठवतो तो फक्त जडपणा. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि मूत्रपिंडांना मिळणारी ही रोजची सुट्टी असते. सतत मोडणारी झोप ती सुट्टी कापते. युरोपातल्या चार विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांच्या दंडाला रात्रभर रक्तदाबाचे यंत्र बांधून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावरून विमान गेले की वरचा रक्तदाब सरासरी ६ अंकांनी चढत होता. माणसे जागी होत नव्हती, रक्तदाब चढतच होता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितले, की चांगल्या झोपेसाठी शयनगृहात सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि अधूनमधून येणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागासाठी तीच ७०. वागळे इस्टेटमध्ये या दोन आकड्यांच्या मधून कधी कधी फक्त एक कंपाउंडची भिंत जाते. पण हे नियम घराबाहेरच्या हवेतल्या आवाजाचे आहेत. पाइपमधून आणि स्लॅबमधून थेट उशीपर्यंत येणाऱ्या ठोक्याला पकडायला ते फारसे उपयोगी पडत नाहीत. तिथे प्लंबर उपयोगी पडतो, आणि प्लंबरला नीट सांगता आले तर लवकर उपयोगी पडतो.

सांगायचे कसे, तर रोग्याने डॉक्टरला सांगावे तसे. आवाज कसा आहे, किती वाजता येतो, किती वेळ टिकतो, त्याआधी घरात किंवा इमारतीत काय घडले, कशाने थांबतो. तीन रात्री उशाशी वही ठेवून एवढे लिहिले तरी अर्धे निदान होते. उरलेल्या निदानासाठी इथल्या जुन्या फिटरांची युक्ती आहे. बेअरिंग खराब झाले का ते पाहायला फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्राच्या अंगावर टेकवतो आणि मूठ कानाशी लावतो. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला, तीच ही कल्पना. घरच्या पाइपला लाकडी लाटणेही चालते. जिथे आवाज सगळ्यात ठळक, तिथून सुरुवात करायची. विजेच्या जोडणीजवळ, मोटरच्या वायरीजवळ मात्र हा प्रयोग करायचा नाही.

आता त्या ‘धप्प’कडे. वाहते पाणी जड असते आणि जोरात असते. नळ अचानक बंद केला की धावत्या लोकलला जागच्या जागी थांबवल्यासारखे होते, मागचे पाणी पुढच्यावर आदळते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचे गणित मांडले. लोखंडी पाइपमध्ये सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबवले तर दाब क्षणात १३ किलोच्या आसपास उसळतो. सात मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, गच्चीतल्या टाकीमुळे मिळणारा नेहमीचा दाब दोन किलोही नसतो. प्लास्टिकच्या पाइपमध्ये उसळी कमी, चार-पाच किलोची, कारण पाइप स्वतः किंचित फुगून धक्का खातो. पण पाइप भिंतीत सैल असेल तर तो चार-पाच किलोचा धक्काही विटांवर हातोडी मारतो.

पूर्वीचे नळ चार-पाच फेरे फिरवून बंद व्हायचे. आताचे पाव फेऱ्यात बंद होतात. त्याहून तडकाफडकी बंद होतो तो वॉशिंग मशीनच्या आतला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. शेजारच्या घरात रात्रीची वीज मोकळी म्हणून अकरानंतर मशीन लावले जाते आणि दर पाणी भरण्याला तुमच्या उशामागे ठोका पडतो. उपाय फार महाग नाहीत. मशीनचा नळ अर्धाच उघडा ठेवणे फुकट आहे. उघड्यावरच्या पाइपला दर चार-पाच फुटांवर रबर घातलेला क्लॅम्प लावणे स्वस्त आहे. तरीही भागले नाही तर मशीनच्या जोडणीजवळ धक्का शोषणारी हवेची छोटी कुपी बसवता येते, प्लंबर तिला अरेस्टर म्हणतात. उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह मुळातच असायला हवा. तो नसतो किंवा असला तर अडकलेला असतो, आणि मग खालच्या मजल्यावरच्यांचे वॉशर वर्षातून तीनदा जातात.

धप्प आवाज संपूर्ण इमारतीला एकदमच ऐकू येत असेल, आणि तोही पंप बंद होताना, तर दोष एका घरातला नाही. पंप थांबला की वर चढणारे पाणी माघारी फिरते आणि पंपाच्या डोक्यावरचा एनआरव्ही, म्हणजे पाण्याला उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, दाराची फळी आपटावी तसा आपटतो. फळीचा व्हॉल्व्ह काढून स्प्रिंगचा बसवला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. पंप चालू असताना खडी दळल्यासारखा आवाज येत असेल तर खालच्या टाकीत पाणी कमी आहे किंवा फूट व्हॉल्व्ह कचऱ्याने भरला आहे. पुरेसे पाणी न मिळालेल्या पंपात वाफेचे बुडबुडे बनतात आणि पात्यांवर फुटतात. असा पंप झोप तर खातोच, काही महिन्यांत स्वतःची पातीही खातो.

पंपाची घरघर ही सगळ्यांत चिवट तक्रार. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, त्यामुळे मोटर सेकंदाला १०० वेळा थरथरते. हा खालच्या पट्टीचा आवाज आहे आणि खालची पट्टी भिंतीला जुमानत नाही. शिवाय डेसिबल मोजण्याची नेहमीची पद्धत माणसाच्या कानाच्या हिशेबाने खालच्या पट्टीला कमी गुण देते. या १०० कंपनांच्या आवाजाचे सुमारे १९ डेसिबल ती वजा करूनच सांगते. म्हणून मोबाइलच्या अॅपवर आकडा साधा दिसतो, सेक्रेटरी म्हणतात ‘काही नाही एवढे’, आणि तळमजल्यावरची बाई सांगते की छातीत घुमते. दोघेही खोटे बोलत नाहीत. पंप थेट काँक्रीटला बोल्टने आवळला असेल तर त्याखाली रबराचे पॅड, पाइपच्या जोडणीत रबरी बेलो आणि पाइप स्लॅबमधून जातो तिथे सिमेंटऐवजी मऊ भरण, एवढ्याने आवाजाचा रस्ताच तुटतो. पंपाच्या खोलीला थर्माकोल चिकटवण्यात मात्र पैसे घालवू नयेत. हवेतून येणारा आवाज मुळात थोडाच असतो, आणि थर्माकोल तोही अडवत नाही.

ठाण्यात पाणी चोवीस तास येत नाही, त्यामुळे इथल्या पाइपांना आणखी एक आवाज माहीत आहे. पाणी यायच्या आधी नळातून फुसफुस, मग गुडगुड, मग तांबूस पाण्याची उचकी. शटडाउननंतर तर हमखास. पाइप रिकामा झाला की त्यात हवा भरते, आणि ती येणाऱ्या पाण्याच्या पुढे पळत सुटते. हा आवाज त्रासाचा नाही, पण डॉक्टरच्या दृष्टीने तो सगळ्यांत बोलका आहे. रिकाम्या पाइपमध्ये नुसती हवाच शिरते असे नाही. जमिनीखालच्या एखाद्या तडकलेल्या जोडातून बाजूच्या गटाराचे पाणीही ओढले जाते. पावसाळ्यात कावीळ, टायफॉइड, जुलाबाचे रोगी एकाच गल्लीतून येऊ लागतात तेव्हा बऱ्याचदा गोष्ट इथून सुरू झालेली असते. गुडगुड ऐकू आली की पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्याच्या भांड्यात घ्यायचे नाही, फरशी धुवायला घ्यायचे. पावसाळ्यात त्या दिवसाचे पिण्याचे पाणी उकळायचे.

बाथरूमच्या माळ्यावरच्या टाकीचाही एक आवाज असतो. पहाटे पाणी भरताना बॉल कॉकचा गोळा लाटांवर वरखाली होतो, झडप उघडझाप करते आणि पाइपमधून म्हैस हंबरल्यासारखा सूर निघतो. वॉशर बदलून किंवा धार टाकीच्या भिंतीवरून ओघळेल अशी वळवून तो थांबतो. आवाज नको म्हणून काही जण नळीच टाकीच्या तळापर्यंत सोडतात. ते करू नये. पुरवठा बंद झाला की त्या नळीतून टाकीतले पाणी उलटे शहराच्या लाइनमध्ये जाऊ शकते.

मग येतो गीझर. चहाचे आधण ठेवले की उकळी फुटण्याआधी पातेले सूं सूं करते हे प्रत्येकाने ऐकलेले असते. तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, वरच्या थंड पाण्यात शिरताच ते मिटतात आणि मिटताना वाजतात. एकदा सगळे पाणी तापले की उलट आवाज कमी होतो. गीझरमध्ये पाणी उकळायला नको, तरी तो तसा वाजतो, कारण कॉइलवर क्षाराचा थर बसलेला असतो. थराच्या खाली अडकलेले पाणी उकळून जाते, वरचे अजून कोमटच असते. ठाण्याला मिळणारे भातसा-बारवीचे पाणी तुलनेने मऊ आहे. पण उन्हाळ्यात कमी पडले की सोसायटी बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी त्याच टाकीत सोडते आणि काळ्या खडकातून आलेले ते पाणी जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घेण्यासारखा. सहाशेच्या जवळचे पाणी एका हिवाळ्यात कॉइलला चुन्याचा अंगरखा घालते.

आवाजापेक्षा त्यामागचा धोका मोठा आहे. क्षाराखाली कॉइलचे धातूचे कवच तापत तापत तडकते आणि वीज पाण्यात उतरते. अर्थिंग ठीक नसेल आणि गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल, तर पहिली खूण शॉकचीच मिळते. नवे घर घेताना फरशीचा रंग चार वेळा बदलून घेणारी माणसे हे बटण बोर्डात आहे का, ते एकदाही पाहत नाहीत. तोपर्यंत निदान गीझर बंद करून मगच आंघोळीला उभे राहावे. वाजणाऱ्या गीझरचा क्षार तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा, थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवावा, कारण त्यावर क्षार झपाट्याने धरतो आणि ६० अंशांचे पाणी म्हाताऱ्या माणसाची किंवा मुलाची कातडी पाचएक सेकंदांत भाजते. घर महिनाभर बंद होते, तर आल्यावर टाकीतले शिळे पाणी एकदा पूर्ण तापवून सोडून द्यावे. फरशी धुण्याचे अॅसिड कॉइलवर ओतू नये, आणि त्यात ब्लीचिंग तर मुळीच मिसळू नये, क्लोरीन वायूने गुदमरून माणूस थेट आयसीयूत पोहोचतो.

गीझरखाली सेफ्टी व्हॉल्व्ह टिपकतो म्हणून त्याला चिंधी बांधणारे किंवा बूच मारणारे लोक आहेत. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेले की ते फुगते, आणि वाढलेले पाणी भरते जवळपास एक पेलाभर, २०० मिलिलिटर. त्याला जायला वाट हवी. तापताना थोडे टिपकणे हे व्हॉल्व्हचे काम आहे. दिवसभर टिपकत राहिला तर व्हॉल्व्ह बदलावा, बांधू नये. बांधलेला व्हॉल्व्ह आणि अडकलेला थर्मोस्टॅट एकत्र आले तर भिंतीतून जो आवाज येतो, तो एकदाच येतो.

गरम पाण्याच्या पाइपची टकटक मात्र निरुपद्रवी असते. सीपीव्हीसीचा तीन मीटरचा पाइप ३० अंशांनी तापला तर सुमारे सहा मिलिमीटर लांब होतो. भिंतीत त्याला सरकायला जागा नसली की तो अडतो, सुटतो, अडतो, सुटतो. आंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे हे चालते आणि थांबते.

हिवाळ्यात मुलाकडे लंडनला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या ठाण्याच्या आजी-आजोबांना हीच टकटक तिथे मोठ्या प्रमाणावर भेटते. तिथे एका बॉयलरवर सगळे घर तापते आणि प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरपर्यंत लाकडी जमिनीखालून पाइप जातात. पहाटे बॉयलर सुरू झाला की जमीन बोटे मोडू लागते. रेडिएटर वर थंड, खाली गरम आणि आतून खळखळ, म्हणजे हवा अडकली आहे. बाजूची किल्ली फिरवून हवा सोडली की झाले. अमेरिकेतल्या जुन्या इमारतींत पाण्याऐवजी वाफच फिरते, आणि तिथला रेडिएटर घणाचे घाव घातल्यासारखा वाजतो. थंड होऊन बनलेले पाणी उताराने परत जायला हवे, उतार बिघडला की ते साचते आणि मागून येणारी वाफ त्याला गोळ्यासारखे फेकते. वागळे इस्टेटच्या जुन्या कारखान्यांत वाफेच्या लाइनवर काम केलेल्या आजोबांना हे सांगावे लागणार नाही. रेडिएटरच्या पायाखाली चिपट घालून ते सुनेकडून शाबासकी मिळवू शकतात. बॉयलर स्वतःच गीझरसारखा सूं सूं करत असेल तर मात्र हात लावायचा नाही, तिथला नोंदणीकृत माणूस बोलवायचा. त्या घरांत छताजवळ एक लहान पांढरा डबा असतो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आपल्याकडे तो जवळजवळ कुठेच नसतो, आणि गॅसचे गीझर मात्र बंद बाथरूममध्ये असतात.

या वायूला वास नाही, रंग नाही आणि आवाजही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० ते २५० पट घट्ट धरतो. गॅस गीझर पेटताना ‘भक्क’ होणे, ज्योत निळी सोडून पिवळी होणे, वरच्या भागावर काजळी धरणे, या खुणा त्याच्या आधीच्या. आंघोळीला गेलेला माणूस आतच कोसळतो, कुणाला फेफरे येते. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रोग्यांची वर्णने केली आहेत, आणि त्यांतल्या काहींना आधी मिरगीचे रोगी समजले गेले होते. सौम्य विषबाधेत डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे, आणि घराबाहेर पडले की बरे. घरातल्या दोघातिघांना हे एकाच वेळी होत असेल तर ते पित्त नव्हे. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा ९८ दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून माणसाला घरात झोपवू नये. दार-खिडकी उघडून त्याला उघड्यावर न्यावे, १०८ला फोन करावा आणि ‘गॅस गीझर होता’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, धूर बाहेर जाईल असाच बसवावा.

सोसायटीच्या पंपाचे भांडण मात्र वैद्यकशास्त्रापेक्षा मनुष्यस्वभावाचे आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाबाबत सविस्तर आदेश दिले, त्याने उत्सवांच्या भोंग्यांविरुद्ध नागरिकांना आधार मिळाला. पंपासाठी कुणी कोर्टात जात नाही, आणि जाऊही नये. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे कामाचे आहेत. माणसांना त्रासदायक आवाज ऐकवत काम करायला लावले. काहींना एक बटण दिले, आवाज असह्य झाला तर दाबा म्हणून. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. तरीही आवाज संपल्यावर त्यांचे काम बटण नसलेल्यांपेक्षा चांगले झाले. आवाज सारखाच, फरक फक्त थांबवता येईल या खात्रीचा. पंप रात्री दहाच्या आत आणि सकाळी सहानंतर चालेल असा टायमर लावला, पालिकेचे पाणीच पहाटे येते म्हणून अवेळी चालवावा लागणार असेल तर वेळ फलकावर लिहिली, आणि पंपावर झोपणाऱ्या कुटुंबाला समितीत एकदा तरी नीट ऐकून घेतले, तर रबराचे पॅड येण्याआधीच अर्धी झोप परत येते. पण पॅड आणावेच. फलकाने रक्तदाब उतरत नाही.

आणि कधी कधी सगळे पाइप तपासूनही काही सापडत नाही. लाटणे लावले, पंप बंद ठेवला, गच्चीत जाऊन पाहिले, तरी त्या एका माणसाला आवाज येतोच. तो दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे झोपला तरी आवाज सोबत गेला, तर तो कानातला आहे. अशा कर्णनादाची कारणे मळापासून औषधांपर्यंत अनेक. क्षयरोगात पूर्वी सर्रास दिली जाणारी काही इंजेक्शने, जास्त मात्रेतली अॅस्पिरीन, यांनी तो येऊ शकतो. वागळे इस्टेटमध्ये आणखी एक मोठे कारण राहते. प्रेसशॉपमध्ये तीस वर्षे काढलेल्या माणसाचा कान बहुधा सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपास आधी जातो. त्याला गीझरची बारीक शिट्टी ऐकू येत नाही, बायकोला येते. त्याला पंपाची घरघर ऐकू येते, आणि नातवाचे बोलणे तुटक. जिथे ऐकू येणे गेले, तिथे मेंदू स्वतःच एक सूर भरतो, आणि रात्री सगळे शांत झाले की तोच मोठा वाटतो. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलच्या वर आवाज नको, असा कारखान्यांना नियम आहे. पण नोंद व्हायची तर नोकरीत असतानाच कानाची तपासणी व्हायला हवी, निवृत्तीनंतर पाच वर्षांनी आवाज कुठून आला हे सिद्ध करणे कठीण जाते. गेलेली नस परत येत नाही. श्रवणयंत्र मात्र बोलणेही परत आणते आणि बऱ्याच जणांचा तो सूरही मागे ढकलते. उशाशी पंखा किंवा मंद रेडिओ चालू ठेवल्याने रात्र सोपी जाते.

कानात एकाच बाजूला आवाज, त्या बाजूचे ऐकणे झपाट्याने कमी होणे, किंवा चक्कर, यांत वेळ घालवू नये. आणि ठोका ‘धप्प, धप्प’ असा एका लयीत पडत असेल, तर प्लंबरला फोन करण्याआधी दोन बोटे मनगटावर ठेवून पाहावीत. नाडी आणि ठोका एकत्र पडत असतील तर कान-नाक-घसा विभागात जावे, आणि जाताना रक्तदाब व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.